लोकांचे सर आणि माझे बाबा: स्मरणग्रंथात कोणाविषयी लिहू?

पत्र

माझे वडील समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहात गृहपाल म्हणून नोकरीला लागले आणि त्याच पदावरून निवृत्त झाले. गेल्या वर्षी ते गेले. मुलांचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, जात पडताळणी यांसाठी त्यांनी आयुष्यभर तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. निवृत्तीनंतरही मुले घरी येतच राहिली. त्यांचे माजी विद्यार्थी पहिल्या स्मृतिदिनाला स्मरणग्रंथ काढत आहेत आणि त्यातला पहिला लेख मी लिहावा असा त्यांचा आग्रह आहे. मी लिहायला बसते आणि उठते. बाबा आमच्यासाठीही तितकेच झटले, हे खरे आहे. जूनमध्ये वसतिगृहातल्या मुलांच्या वह्यांना कव्हरे घालून झाली, की त्याच खाकी कागदाच्या गुंडाळीतून ते माझ्या वह्यांना कव्हरे घालत. पण दहावीच्या निरोप समारंभात मी भाषण केले, तेव्हा ते एका आजारी मुलाला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होते, हेही खरे आहे. आता लोक त्यांच्याविषयी जे सांगतात ते ऐकून हा माणूस आपल्याला माहीतच नव्हता असे वाटते, थोडा रागही येतो, आणि त्या रागाची लाज वाटते.

भाऊ राज्य शासनाच्या सेवेत आहे. त्याला चौकात बाबांचा अर्धपुतळा बसवायचा आहे आणि त्यासाठी तो वर्गणी गोळा करणार आहे. शिवाय आमच्याकडच्या पाच लाख रुपयांतून तालुक्यात दहावीला पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला बाबांच्या नावाने पारितोषिक द्यावे, असे त्याचे म्हणणे आहे. बाबांच्या कपाटात एक वही सापडली आहे. कोणाची फी भरली, कोणाचा कोणता कागद अडला आहे, असे सगळे तीत नावानिशी लिहिलेले आहे. तिची काही पाने ग्रंथात छापावीत असे संपादक मंडळाला वाटते. आई फक्त एवढेच म्हणते, “त्यांना हे चालले नसते.” मी काय लिहू, आणि भावाला काय सांगू?

— एक वाचक

उत्तर

ताई,

रागाची लाज वाटते असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा आधी त्याविषयी. जो माणूस दहाजणांच्या उपयोगी पडतो, त्याचा वेळ कोणाच्या तरी वाट्यातून गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो घरच्यांच्या वाट्यातून जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळेपासून सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती सांगताना आपण त्यागाचे कौतुक करतो आणि पुढे सरकतो. मंगळसूत्र मोडून घरी परतताना त्या बाईंच्या मनात काय चालले असेल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तुमच्या घराचा हिशेब एवढा जबर नसेल, पण प्रकार तोच आहे. वडील जिवाभावाचे होते आणि ते त्या दिवशी आले नाहीत याचे वाईट वाटले, या दोन्ही गोष्टी एकाच मुलीच्या मनात सुखाने नांदू शकतात. राग त्या आजारी मुलावर निघाला असता तर लाज वाटून घ्यायला काही कारण होते. तुमच्या पत्रात तसे कुठेही दिसत नाही.

लोक सांगतात तो माणूस माहीतच नव्हता, या वाटण्यात चुकीचे काही नाही. तो खरोखरच तुम्हाला माहीत नव्हता. आईवडिलांची नोकरी मुलांना दिसते ती डब्यापुरती, बदलीपुरती आणि उशिरा घरी येण्यापुरती. तहसील कचेरीत एखाद्या कारकुनासमोर दाखल्यासाठी तासभर उभे राहिलेले वडील पाहण्याची वेळ मुलीवर येत नाही. म्हणून माजी विद्यार्थी जे सांगतील ते आपल्या आठवणींवरचे अतिक्रमण समजू नका. त्यांच्याजवळ वडिलांच्या आयुष्याचा एक भाग आहे आणि तुमच्याजवळ दुसरा आहे. पहिला लेख तुमच्याकडून मागितला आहे तो याच कारणासाठी. त्यांच्याजवळचाच मजकूर तुमच्या सहीने छापायचा असता, तर त्यांनी तो स्वतःच लिहिला असता.

आता लेखाकडे. आपल्याकडच्या स्मृतिलेखांत माणूस मेल्याबरोबर कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, निगर्वी, हसतमुख आणि अजातशत्रू होतो. यांपैकी शेवटच्या विशेषणाविषयी तर मला कायमच शंका येते. वसतिगृहातल्या जागा मोजक्या असतात, अर्ज त्याहून जास्त येतात, आणि यादी लागण्याच्या आठवड्यात कोणाच्या ना कोणाच्या चिठ्ठ्या यायला लागतात. अशा जागेवर नोकरी करून ज्याला एकही शत्रू झाला नाही, त्याने आपले काम नीट केले की नाही हे तपासावे लागेल. तुमच्या वडिलांवर कोण नाराज होते, कशासाठी होते आणि त्या नाराजीची किंमत त्यांनी बदलीच्या रूपाने किंवा आणखी कशी मोजली, हे घरात कोणाला आठवत असेल तर ते लेखात जरूर यावे. नाराज माणसाचे नाव अर्थातच नको.

बाकी लेखासाठी तुम्हाला दूर जावे लागणार नाही, कारण त्याची सामग्री पत्रातच आली आहे. “बाबा वसतिगृहातल्या मुलांना पोटच्या मुलांसारखे मानत,” हे वाक्य अशा प्रत्येक ग्रंथात असते आणि ते वाचून डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. खाकी कागदाची एकच गुंडाळी, आधी वसतिगृहाच्या वह्या आणि मग घरच्या, हे मात्र दिसते. तेच अजून बारकाईने आठवा. कव्हरे कुठे बसून घालत, वसतिगृहाच्या वाचनखोलीत की तुमच्या क्वार्टरच्या ओसरीवर? कागद दुमडताना कडेला नखाने घडी घालत की पट्टीने? लेबलावर नाव कोण लिहीत असे? गुंडाळी संपत आली की तुमच्या शेवटच्या वहीच्या वाट्याला जुन्या कॅलेंडरचा कागद आला, असे कधी झाले का? आणि ती गुंडाळी कचेरीच्या सादिलवारीतली, म्हणजे किरकोळ खर्चाच्या सरकारी पैशांतली, होती की त्यांनी पगारातून आणलेली, हेही आईंना विचारा. पदरची असेल तर त्या एका तपशिलात त्यांचा स्वभाव पुरता येतो. सरकारी निघाली तरी आभाळ कोसळत नाही, फक्त मग ती ओळ लेखातून गाळा.

निरोप समारंभाचा प्रसंगही लेखात यावा, पण दोन वाक्यांत यावा आणि तक्रारीचा किंवा समजूतदारपणाचा, कोणताच सूर न लावता यावा. समारंभ कोणत्या साली झाला, तुम्ही कशावर बोललात, बाबा त्या वेळी कुठे होते, घरी किती वाजता आले, आल्यावर काय म्हणाले, एवढे पुरे. त्यांनी भाषण पुन्हा म्हणून दाखवायला सांगितले असेल तर तसे लिहा. ते न विचारता जेवून झोपले असतील तर तसे लिहा. वाचकाला दोन्ही समजते. हा प्रसंग गाळला तर तुमचा लेख इतरांच्या लेखांसारखाच होईल, आणि फुगवला तर ग्रंथ वडिलांचा न राहता तुमचा होईल. सगळा मिळून लेख हजार शब्दांच्या वर जाऊ देऊ नका, आणि संपादक मंडळातल्या कोणी भाषा अलंकारिक करून देतो म्हटले तर नम्रपणे नकार द्या.

इतर लेखांसाठी संपादक मंडळाला एक गोष्ट सुचवा. “सरांविषयी चार शब्द लिहून पाठवा,” असे आवाहन केले की चारही शब्द तेच येतात. त्यापेक्षा प्रत्येकाला नेमके विचारावे: तुमचे कोणते काम अडले होते, कोणत्या कचेरीत, कोणत्या साली, सर तुमच्याबरोबर आले की चिठ्ठी दिली, वाटेत काय बोलले, काम झाले की नाही. या शेवटच्या प्रश्नाला “नाही” असे उत्तर देणारेही ग्रंथात हवेत. ज्याचा प्रवेश सरांच्या धडपडीनंतरही हुकला आणि ज्याने पुढे दुसरी वाट धरली, त्याला तुमच्या वडिलांविषयी अधिकाऱ्यांच्या बरोबरीने सांगण्यासारखे असते, पण अशा मुलांना समारंभाचे आमंत्रण जात नाही. तसेच वसतिगृहाचे स्वयंपाकी, शिपाई, चौकीदार आणि ज्या कचेऱ्यांत वडिलांच्या खेपा होत तिथले निवृत्त कारकून यांना लिहायला लावू नका. कोणीतरी जाऊन त्यांच्याशी बोलावे, फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि नंतर उतरवून काढावे. सुरुवात वयाने सर्वांत मोठ्या माणसापासून करावी. नियुक्ती, बदल्या आणि निवृत्तीच्या तारखांसाठी आठवणींवर विसंबू नका. त्या सेवापुस्तकात असतात. त्यातल्या नोंदी शेवटच्या कार्यालयाकडे रीतसर अर्ज करून मागता येतील, आणि काही तारखा आईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांतच मिळतील.

वहीची पाने छापू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यातली मुले आता चाळिशी-पन्नाशीची असतील, कोणी नोकरीत, कोणी व्यवसायात. आपली फी दुसऱ्याने भरली होती किंवा आपल्या बापाला उत्पन्नाचा दाखला मिळवता आला नव्हता, हे त्यांनी कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे आहे. वडिलांनी ती वही तुम्हालासुद्धा दाखवली नव्हती, यात त्यांचा निर्णय स्पष्ट दिसतो. वहीत नाव आहे म्हणून संपादकांनी कोणाला लेख मागू नये. ज्यांनी आपण होऊन मदतीची गोष्ट सांगितली, त्यांच्या हकिगतीतल्या तारखा वहीवरून ताडून पाहायला हरकत नाही. फोटोप्रतसुद्धा मंडळाकडे देऊ नका, वही आईंकडेच राहू द्या. मात्र तुम्ही आणि भावाने ती एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचावी, कारण स्मारक कशाचे करायचे याचे उत्तर तीतच आहे.

भावाच्या पारितोषिकाच्या कल्पनेमागे चांगली परंपरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. नाना शंकरशेट यांच्या नावाची मॅट्रिकच्या संस्कृतची शिष्यवृत्ती १९१२ साली चिंतामणराव देशमुखांना मिळाली, आणि पुढे तेच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. गुणवंताच्या पाठीवर थाप मारून एखादे नाव शतकभर टिकते ते असे. परंतु तुमचे वडील पहिल्या येणाऱ्याच्या पाठीवर थाप मारण्याचे काम करत नव्हते. त्यांच्या कामाशी जुळणारे उदाहरण वेगळे आहे. पुढचे शिक्षण पैशांवाचून अडलेल्या भीमराव आंबेडकरांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, हे सर्वांना माहीत असते. पण त्या मुलाला महाराजांसमोर नेऊन उभे केले ते कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाकडे विल्सन हायस्कूलच्या या शिक्षकाचे लक्ष गेले होते. पैसा दरबाराचा होता, योजनाही दरबाराची होती, आणि तरी मधला माणूस नसता तर ती त्या मुलापर्यंत केव्हा पोहोचली असती, पोहोचली असती की नाही, कोण सांगणार?

तुमच्या वडिलांची जागा ही त्या मधल्या माणसाची आहे. सरकारी योजना त्यांनी आखल्या नाहीत आणि त्यांतला पैसाही त्यांचा नव्हता. मुलगा आणि योजना यांच्यामधले अंतर ते पायी चालत राहिले. आजही ते अंतर फारसे कमी झालेले नाही. अर्ज ऑनलाइन झाले, शिष्यवृत्तीसाठी शासनाचे महाडीबीटी हे संकेतस्थळ आले, पण त्रुटी काढून परत आलेला अर्ज पुन्हा कसा भरायचा हे पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला घरात कोणी सांगू शकत नाही. राखीव जागेवर अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीयला प्रवेश मिळूनही जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्यामुळे तो गमावण्याची धास्ती दर वर्षी कित्येक घरांत असते, नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत संपल्याचे प्रवेशाच्या दिवशी लक्षात येते, आणि शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी ती खात्यात पडेपर्यंत कॉलेज थांबत नाही. अशा वेळी उपयोगी पडेल ते स्मारक तुमच्या वडिलांचे. तालुक्यात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याचा सत्कार करायला गावात आधीच बरेचजण पुढे येतात, त्यात आणखी एका शालीची भर टाकून काही साधणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी की दहावी-बारावीच्या निकालापासून प्रवेश संपेपर्यंतचे तीन-चार महिने, आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी, गावातल्या एखाद्या चालू अभ्यासिकेत किंवा ग्रंथालयात वडिलांच्या नावाने मदत केंद्र चालवावे. माणसे तुमच्याकडे तयार आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी महसुलात असेल, कोणी कॉलेजच्या कार्यालयात, कोणी बँकेत. ज्याला ज्या कागदाची वाट ठाऊक आहे त्याने ती दाखवायची. शासकीय सेवेत असलेल्यांना मानद स्वरूपाचे समाजकार्य करायला सहसा अडचण येत नाही, मात्र कामात व्यत्यय येता कामा नये आणि कार्यालयाला कळवून ठेवावे. या केंद्राला पैसे लागतील ते किरकोळ कारणांसाठी: पडताळणी समितीच्या कार्यालयापर्यंतचे भाडे, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, जुन्या नोंदींच्या नकला, आणि कधी शिष्यवृत्ती येईपर्यंत भरायचा फीचा पहिला हप्ता. रक्कम लहान असली तरी ती दोन दिवसांत मिळाली पाहिजे. निवड एखादे निवृत्त शिक्षक आणि दोन माजी विद्यार्थी मिळून करतील, आणि धनादेश देतानाचे छायाचित्र काढायचे नाही हे पहिल्या बैठकीतच ठरवून टाका. वहीमागचा संकोच इथेही पाळायचा आहे.

पाच लाखांचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करा. आपल्याकडे स्मृतिनिधी म्हटला की मुद्दल कायम ठेवायचे आणि फक्त व्याज वाटायचे, असे गृहीत धरले जाते. मुदत ठेवीचा दर ७ टक्के धरला तर पाच लाखांवर वर्षाला ३५ हजार रुपये मिळतील. महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर सुमारे १२ वर्षांत त्या ३५ हजारांची किंमत निम्मी झालेली असेल. एके काळी ज्यात वर्षाची पुस्तके येत अशी जुनी पारितोषिके आज एका वहीच्या किमतीची होऊन बसतात, ती यामुळेच. दुसरा मार्ग असा, की ही रक्कम दहा वर्षांत संपवायची असे ठरवून त्याच दराने दर वर्षी साधारण ७० हजार रुपये काढायचे. म्हणजे आज शिकणाऱ्या मुलांना दुप्पट मदत मिळते, आणि दहा वर्षांनी काम चालू ठेवावेसे वाटले तर त्या वेळचे लोक त्याची सोय करतील. वडिलांची वही पाहता त्यांनी मुद्दल राखून ठेवल्याचे काही दिसत नाही, त्यामुळे माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे.

एवढ्या रकमेसाठी स्वतंत्र न्यास काढू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी, दर वर्षीचे हिशेब आणि विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, हे सगळे मागे लागते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायची तर किमान सातजण हवेत आणि ती पुढे विश्वस्तव्यवस्था म्हणूनही नोंदवावी लागते. पहिली दोन वर्षे उत्साहात जातात, नंतर कागद कोणी करायचे यावरून कटुता येते. त्यापेक्षा आधीच नोंदणी असलेल्या आणि हिशेब चोख ठेवणाऱ्या एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा शिक्षणसंस्थेकडे ही रक्कम वेगळ्या खात्यात द्या. देताना साध्या करारपत्रात चार गोष्टी लिहून घ्या: पैसा कशासाठी वापरायचा, निवड कोण करणार, हिशेब दर वर्षी कोणाला दाखवायचा, आणि संस्था बंद पडली किंवा काम थांबले तर उरलेली रक्कम कुठे जाईल.

अर्धपुतळ्याविषयी फार लिहीत नाही. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या इतर जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये राज्यांना दिलेला आहे, तेव्हा चौकाचा विचार तिथेच संपतो. वर्गणीचा प्रश्न भावाच्या दृष्टीने जास्त नाजूक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीवाचून निधी गोळा करता येत नाही किंवा त्या कामात सहभागी होता येत नाही, आणि हीच गोष्ट आज सरकारी नोकरीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही लागू आहे. शिवाय नोंदणी नसताना लोकांकडून देणगी घ्यायची तर धर्मादाय कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे दर वर्षी जी घेतात ती हीच. ज्या माणसाचे आयुष्य दुसऱ्यांचे कागद पुरे करण्यात गेले, त्याच्या नावाने बिनपरवान्याचे पावतीपुस्तक निघावे, हे भावालाही रुचणार नाही.

पण हे नियम त्याच्यापुढे ठेवण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्या. तो वडिलांच्या वाटेनेच शासकीय नोकरीत गेला आहे आणि रोज त्यांच्या ओळखीच्या कचेऱ्यांतून वावरतो आहे. वडिलांचा चेहरा कुठेतरी दिसावा, हे त्याचे मागणे साधे आहे आणि त्याचे दुःख तुमच्याहून कमी आहे असे समजायला जागा नाही. ज्या वसतिगृहात त्यांची शेवटची वर्षे गेली तिथल्या वाचनखोलीत, विभागाची परवानगी घेऊन, साधी तसबीर लावता येईल. मदत केंद्र चालेल तिथेही लावता येईल. हे बोलणे माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत नको, घरी आणि आईंच्या समोर व्हावे.

आईंच्या वाक्याचा अर्थ तुम्ही दोघांनी आपापल्या परीने लावला असेल, पण तुमच्या पत्रावरून तरी त्यांना कोणी पुढे विचारलेले दिसत नाही. नेमके काय चालले नसते? पुतळा, वर्गणी, वहीची पाने, की एकूणच गाजावाजा? त्यांनी वर्षानुवर्षे वेळी-अवेळी आलेल्या मुलांना दार उघडले, घरखर्चातून फीचे पैसे कसे निघाले हे त्यांना सर्वांत जास्त माहीत असणार, आणि स्मरणग्रंथाच्या योजनेत त्यांना कोणी काही लिहायला सांगितल्याचे तुम्ही म्हणत नाही. तुमचा लेख त्यांना आधी वाचून दाखवा आणि त्या जिथे थांबवतील तिथे काय चुकले ते विचारा. त्यांची इच्छा असेल तर त्यांचे म्हणणे तुम्ही उतरवून घ्या आणि तुमच्या लेखाआधी छापायला द्या. मग पहिला लेख लिहिण्याचे दडपणही तुमच्यावर राहणार नाही.

राहता राहिला ग्रंथ निघाल्यानंतरचा भाग. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशित पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांकडे प्रत्येकी एक पाठवायची असते. खाजगी स्मरणग्रंथ काढणारे हे बहुधा विसरतात, तुम्ही संपादकांना आठवण करा. वडिलांनी ज्या ज्या वसतिगृहांत नोकरी केली तिथेही एकेक प्रत जावी. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मदत केंद्राचा पत्ता, कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या वारी ते उघडे असते, आणि येताना कोणते कागद आणायचे, एवढे ठळक छापा. ग्रंथ बहुतेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी जाईल, आणि त्यांपैकी काहींची मुले-भाची याच वर्षी दहावी-बारावीला असतील.